प्लग बदलूनही मिसिंग परत येते तेव्हा: पॉइंटच्या जुन्या गाडीची इग्निशन घरी तपासणे आणि बदलणे

पॉइंटची, म्हणजे इग्निशनचा करंट यांत्रिक संपर्कांनी जोडणारी-तोडणारी, जुनी पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्यांची एक तक्रार ठाण्यात आणि नवी मुंबईत वर्षानुवर्षे तशीच ऐकू येते. गाडी मिसिंग मारू लागते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच न पेटल्याने झटके देते, गॅरेजमध्ये सगळे प्लग नवे बसवले जातात, काही आठवडे इंजिन गुळगुळीत चालते आणि मग घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या चढावर पाय दाबला की तेच झटके पुन्हा सुरू होतात. प्लग बनवणाऱ्याला नावे ठेवली जातात, पेट्रोलमध्ये भेसळ असल्याची शंका घेतली जाते, कार्बोरेटर खोलून साफ होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा नवे प्लग येतात. या परत परत येणाऱ्या मिसिंगचे मूळ शोधून त्यातले भाग घरच्या घरी कसे बदलावेत, ते येथे मांडले आहे. उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण तिची वायरिंग साधी आहे आणि हौसेने जपलेल्या पद्मिनी या भागात अजून दिसतात. पण अॅम्बेसेडरला आणि पॉइंट असलेल्या सुरुवातीच्या मारुती ८०० ला यातले बहुतेक सगळे लागू पडते.

नव्या प्लगने काही काळ आराम पडतो, यातच दोषाचा माग आहे. ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल, हे प्लगच्या गॅपवर, इलेक्ट्रोडच्या कडा किती धारदार आहेत यावर आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे यावर ठरते. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात आणि गॅप नेमका असतो, म्हणून त्याची मागणी कमी असते. वापराने कडा गोल होतात, गॅप वाढतो आणि मागणी चढत जाते. निरोगी कॉइल (व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) बॅटरीच्या १२ व्होल्टपासून वीस हजार व्होल्टपर्यंत सहज पोहोचू शकते आणि सपाट रस्त्यावर संथ चालताना प्लगला त्याच्या निम्म्यानेही भागते. मधला जो फरक राहतो, ती या यंत्रणेची राखीव शिल्लक. ही शिल्लक गळू लागली तरी गाडी लगेच बंद पडत नाही; चढावर थ्रॉटल पूर्ण उघडले, सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त गेले आणि दाब वाढला की मग ठिणगी चुकू लागते. प्लग बदलल्याने मागणी खाली येते, गळती मात्र जिथे होती तिथेच राहते. म्हणून परत येणाऱ्या मिसिंगमध्ये प्लग सर्वांत शेवटी बदलावेत असे माझे मत आहे, जरी ते काढून पाहण्याचे काम सर्वांत आधी करायचे असले तरी.

ज्या गाड्यांना सीएनजी किट आहे, त्यांना हा हिशेब आणखी कडकपणे लागू होतो. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग, असा प्रकार असेल तर किटवाल्याकडे जाण्याआधी इग्निशन तपासावी. मिक्सर पद्धतीच्या जुन्या किटमध्ये चुकलेल्या ठिणगीचा दुसरा त्रास असा की इनटेक मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमध्ये) साचलेले मिश्रण पेटून बॅकफायर होते आणि एअर फिल्टरची पेटी फुटते. फुटलेली पेटी पाहून किट खराब असल्याचा निष्कर्ष काढला जातो. पण मूळ कारण अनेकदा स्वस्तातला रोटर, म्हणजे ठिणगी एकेका सिलिंडरच्या वायरीकडे वळवणारा फिरता भाग, असतो.

आधी दोष इग्निशनचाच आहे का, ते ठरवावे

कार्बोरेटरचा दोष आणि इग्निशनचा दोष वरवर सारखेच झटके देतात, पण त्यांच्या स्वभावात फरक आहे. पेट्रोल कमी पडले की इंजिन हळूहळू दम सोडते, चोक थोडा ओढला की सावरते, आणि पाय उचलून पुन्हा दिल्यावर क्षणभर बरे वाटते. ठिणगी चुकली की झटका तुटक असतो, चोकने फरक पडत नाही, आणि सायलेन्सरमधून अधूनमधून फटका ऐकू येतो, कारण न जळलेले मिश्रण गरम नळीत जाऊन पेटते. माजिवड्याच्या सिग्नलवर उन्हात रखडून गाडी बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली, तर दोन संशयित असतात: पेट्रोलच्या पाइपात झालेली वाफ आणि गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारा छोटा भाग) किंवा कॉइल. यातला कोणता, हे गाडी बंद असतानाच, तिथल्या तिथे ठिणगी पाहून ठरवता येते. घरी आणून थंड झालेल्या इंजिनावर काहीही सापडत नाही.

ठिणगी पाहण्यासाठी एक जुना प्लग राखून ठेवावा आणि त्याचा बाजूचा इलेक्ट्रोड वाकवून गॅप सुमारे सहा मिलिमीटर करावा. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना क्रमाने वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमधून काढून या प्लगला लावावी, प्लगचे धातूचे अंग जंप लीडच्या चिमट्याने इंजिनाच्या धातूला पक्के जोडावे आणि दुसऱ्याला स्टार्टर फिरवायला सांगावे. एवढ्या गॅपवरून निळसर, कडकडीत आवाजाची ठिणगी नियमित उडाली, तर कॉइलपर्यंतचा भाग निरोगी आहे आणि गळती कॅप, रोटर, वायरी किंवा प्लगमध्ये आहे. ठिणगी पिवळी, बारीक किंवा अनियमित असेल तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला आहे. एवढ्या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. प्लग कधीही हातात धरू नये, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि जवळपास उघडे पेट्रोल नसावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी चालू इग्निशनजवळ मुळीच जाऊ नये. कॉइलची वायर कोठेही न जोडता हवेत सोडून स्टार्टर फिरवणे हेही टाळावे, कारण वाट न मिळालेले व्होल्टेज कॉइलचे आतले इन्सुलेशन फोडते.

कॉइलच्या अलीकडचा भाग

येथे साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बॅटरीचे व्होल्टेज आणि चावी चालू असताना, पॉइंट मिटलेले असताना, कॉइलच्या प्लस टर्मिनलवर मिळणारे व्होल्टेज यांची तुलना करावी. कॉइलला करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर नसलेल्या गाडीत हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. चाळीस वर्षांचा इग्निशन स्विच, गंजलेला फ्यूजबॉक्स आणि कधीतरी टेप गुंडाळून जोडलेली वायर मिळून दीड-दोन व्होल्ट सहज खातात, आणि कॉइलच्या दाराशीच व्होल्टेज घटले की वीस हजारांची गोष्टच सोडावी लागते. खाडीकाठच्या हवेत, म्हणजे कोपरी, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या स्पेड टर्मिनलवर हिरवट थर चढलेला हमखास सापडतो. तो खरवडून टर्मिनल पुन्हा घट्ट दाबून बसवल्यावरच पुढची चाचणी करावी, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतात.

दुसरी तपासणी अर्थिंगची. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर इंजिनाची अर्थिंग पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब आहेत. मग पॉइंट मिटलेले ठेवून, चावी चालू करून, पॉइंटचे टर्मिनल आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्यामध्ये मोजावे. हा आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. जास्त असेल तर पॉइंट जळलेले आहेत, किंवा डिस्ट्रिब्युटरमधली, पॉइंट ज्यावर बसतात त्या बेसप्लेटची बारीक अर्थिंग वायर तुटत आली आहे. ही बारीक, लवचीक वायर आणि पॉइंटकडे जाणारी तिची जोडीदार वायर, या दोघी फार कमी लोकांच्या लक्षात येतात. व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनाच्या हवेच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी रचना) असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये बेसप्लेट सतत मागेपुढे सरकते, त्यामुळे वरून अखंड दिसणाऱ्या आवरणाच्या आत तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. अशी गाडी जागेवर उभी असताना उत्तम चालते आणि फक्त विशिष्ट वेगाला, प्लेट एका ठरावीक जागी आली की, मिसिंग मारते. चिमट्याने वायर हलकी ओढून पाहिली की ती रबरासारखी ताणली जाते, तेव्हा तंतू तुटले आहेत असे समजावे.

कॉइल मोजताना तिच्या दोन्ही बारीक वायरी काढाव्यात. रेझिस्टरविना चालणाऱ्या १२ व्होल्ट कॉइलच्या प्लस-मायनसमध्ये सुमारे तीन ओहम मिळतात. रेझिस्टरसह चालणाऱ्या कॉइलमध्ये साधारण दीड ओहम. मधल्या टर्मिनलपासून मोजलेला दुय्यम वेटोळ्याचा रेझिस्टन्स काही हजार ओहमचा असतो आणि तो अमर्याद आला तर कॉइल तुटलेली आहे. मात्र आकडे बरोबर आले म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही, कारण इन्सुलेशनचा दोष उष्णतेत आणि उच्च व्होल्टेजवरच प्रकट होतो.

या दीड आणि तीन ओहमच्या गोंधळातून होणारा त्रास थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. आमच्या सोसायटीतील एका काकांच्या पद्मिनीचे पॉइंट दर दोन-तीन महिन्यांनी जळून काळे पडत. पॉइंट बदलले जात, कंडेन्सर बदलला जाई, गाडी चाले आणि पुन्हा तेच. कॉइल नवीच होती, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नाही. मोजल्यावर ती दीड ओहमची निघाली. कोणत्या तरी वेगळ्या गाडीसाठी असलेली, रेझिस्टरसह वापरायची कॉइल, दिसायला हुबेहूब तशीच, रेझिस्टरविना बसवली गेली होती. १२ व्होल्ट भागिले तीन म्हणजे चार अँपिअर. भागिले दीड म्हणजे आठ. पॉइंटमधून दुप्पट करंट वाहत होता आणि कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापत होती. योग्य कॉइल बसवल्यावर पॉइंट जळण्याचा प्रकार थांबला. म्हणून एखादा भाग वारंवार निकामी होत असेल, तर तो भाग बाजूला ठेवून त्याच्या शेजारच्या भागांचे मोजमाप आधी घ्यावे.

प्लस आणि मायनस वायरी उलट लागल्या तरी गाडी चालते, पण ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, कारण प्लगचा तापलेला मधला इलेक्ट्रोड ऋण असणे सोयीचे असते. मायनस अर्थिंगच्या गाडीत कॉइलचे मायनस टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवे.

पॉइंट आणि कंडेन्सर बदलणे

काम थंड इंजिनावर, बॅटरीची मायनस वायर काढून, हँडब्रेक ओढून आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून करावे. चार सिलिंडरच्या पद्मिनीचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. तो पाठ असला तरी कॅप काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून क्रमांक लिहावा. कॅपच्या क्लिपा सोडून कॅप बाजूला करावी, रोटर वर ओढून काढावा, पॉइंटची वायर सोडावी आणि स्क्रू काढताना डिस्ट्रिब्युटरच्या तोंडावर फडके ठेवावे. बारीक स्क्रू आत पडला तर तो काढायला डिस्ट्रिब्युटरच बाहेर घ्यावा लागतो. टोकाला लोहचुंबक असलेला स्क्रूड्रायव्हर ही येथे चैन नाही.

काढलेले पॉइंट फेकण्यापूर्वी उजेडात पाहावेत. राखाडी, किंचित खडबडीत पृष्ठभाग हा सामान्य वापर होय. निळे-काळे जळणे म्हणजे कंडेन्सर निकामी, करंट जास्त किंवा पॉइंटवर तेल आलेले. एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा तयार झाला असेल तर कंडेन्सरची क्षमता इंजिनाला जुळत नाही. असा कंडेन्सर सामान्यतः ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो आणि तो मोजणारा मीटर आता स्वस्तात मिळतो. पॉइंटच्या फायबरची टाच झिजून चपटी झाली असेल तर पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीस नव्हते. टाच झिजली की गॅप मिटत जातो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडते, म्हणजे पिकअप जातो आणि इंजिन तापते. मिसिंगच्या तक्रारीसोबत गाडी जड झाल्याची तक्रार असते, ती बरेचदा यामुळे.

नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो पेट्रोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून काढावा, नाहीतर तो जळून पहिल्याच दिवशी काजळी धरतो. पॉइंट बसवल्यावर क्रँक पुली पान्याने फिरवून टाच कॅमच्या सर्वांत उंच टोकावर आणावी आणि फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांच्या मापाने) गॅप लावावा. पद्मिनीसाठी ०.४५ मिमीच्या आसपासचा गॅप योग्य आहे; इतर गाड्यांचा आकडा बहुधा ०.३५ ते ०.५० मिमीच्या दरम्यान असतो आणि मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातलाच घ्यावा. गेजची पट्टी किंचित ओढ देत सरकली पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप हलतो, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजावे, आणि तेही कॅमच्या चारही टोकांवर. चार ठिकाणी चार वेगळे गॅप येत असतील तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट त्याच्या बुशमध्ये (आधार देणाऱ्या धातूच्या बाहीत) खेळतो आहे. शाफ्टचे वरचे टोक बोटांनी आडवे हलवून हा खेळ जाणवतो. बुश झिजलेले असताना गॅप कितीही काळजीने लावला तरी प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगळ्या क्षणी पडते आणि गॅप टिकत नाही. हे काम मात्र घरचे नाही. डिस्ट्रिब्युटर काढून लेथवाल्याकडे नवे बुश बसवून घ्यावे लागतात.

कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस पुरे. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर जाते.

कंडेन्सर दिसायला क्षुल्लक आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. नव्या डबीतला कंडेन्सर पहिल्याच आठवड्यात गरम होऊन दगा देतो, हा अनुभव जुन्या गाड्यांच्या लोकांमध्ये सर्वत्र आहे. त्यामुळे पॉइंट आणि कंडेन्सर एकाच वेळी बदलण्याची प्रथा असली तरी जुना कंडेन्सर चांगला चालत असेल तर तोच ठेवावा आणि नवा ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकावा, असे मी सुचवीन. कंडेन्सर खराब असल्याची खूण सोपी आहे: कॅप आणि रोटर काढून, कॉइलची मधली वायर अर्थ करून, स्टार्टर फिरवताना पॉइंटमध्ये मोठ्या निळ्या ठिणग्या दिसल्या तर कंडेन्सर काम करत नाही. अगदी बारीक ठिणगी दिसणे सामान्य आहे.

काम करताना एक सवय पाळावी. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गप्पा मारत राहू नये. पॉइंट मिटलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइलमधून सतत करंट वाहतो, कॉइल तापते आणि काही मिनिटांत तिचे आयुष्य घटते.

कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी

पावसाळ्यातली बहुतेक मिसिंग येथे जन्मते. जून ते सप्टेंबरमधील दमट हवा, पाम बीच रस्त्यावरचा वारा-पाऊस, साचलेल्या पाण्यातून जाताना फॅनने उडवलेले तुषार आणि गेली काही वर्षे घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामाची बसत राहिलेली धूळ, यांचा मिळून कॅपवर आणि वायरींवर एक थर बसतो. तो कोरडा असताना निरुपद्रवी असतो. ओलावा मिळाला की वीज त्यावरून वाट काढते. एकदा वाट पडली की तिथले प्लास्टिक जळून कोळशाची रेघ तयार होते आणि मग कोरड्या दिवसातही ठिणगी त्याच रेघेने पळते. ही रेघ केसाएवढी बारीक असते. कॅप साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, आतून-बाहेरून भिंगाने पाहावी. रेघ सापडली तर कॅप बदलावी. खरवडून किंवा नेलपेंट लावून दोन-चार दिवस निभावतात, त्याहून जास्त नाही. कॅपच्या मध्यावरचा कोळशाचा दांडा स्प्रिंगवर मोकळा हलतो का आणि झिजून आखूड झाला आहे का, तेही पाहावे. कॅपला किंवा डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला हवेचे छिद्र असेल तर ते मोकळे असावे, कारण ठिणग्यांमुळे आत ओझोन तयार होतो आणि कोंडलेली दमट हवा धातूचे टोक गंजवते.

रोटर हा या साखळीतील सर्वांत कमी तपासला जाणारा भाग आहे. वरून तो नवा दिसतो, पण पितळी पट्टीखालचे प्लास्टिक भेदून ठिणगी थेट शाफ्टमध्ये उतरते. स्वस्त रोटरमध्ये पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि त्या रिव्हेटचे खालचे टोक शाफ्टच्या फार जवळ येते, तिथून हा दोष सुरू होतो. तपासण्यासाठी रोटर शाफ्टवर बसवून, कॅप बाजूला ठेवून, कॉइलची जाड वायर कोरड्या लाकडी काठीला बांधून तिचे टोक पितळी पट्टीपासून सुमारे पाच मिलिमीटरवर धरावे आणि स्टार्टर क्षणभरच फिरवावा. पट्टी कशालाच जोडलेली नसल्याने रोटर चांगला असेल तर अगदी पहिली क्षीण ठिणगी सोडून काही दिसत नाही. ठिणग्या धडाधड उडत राहिल्या तर रोटर आतून फुटला आहे.

प्लगच्या वायरी रात्री तपासणे सोयीचे. सोसायटीच्या तळघरातले किंवा स्टिल्ट पार्किंगमधले दिवे मंद असतील तर उत्तम. इंजिन चालू ठेवून, बॉनेट उघडून, कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या फवाऱ्याने वायरींवर पाण्याचे हलके तुषार मारावेत. गळती असेल तिथे निळसर चमक किंवा वायरीवरून इंजिनाकडे उडणारी ठिणगी दिसते आणि त्याच वेळी इंजिन अडखळते. सैल बाह्या, ओढणी आणि हात फॅनबेल्टपासून दूर ठेवावेत. नंतर वायरी काढून मीटरने मोजाव्यात. कार्बन गाभ्याच्या वायरीला दर मीटरमागे साधारण दहा ते वीस हजार ओहम मिळतात. एकीचा आकडा इतरांपेक्षा फार वेगळा असेल किंवा वायर वाकवताना आकडा उड्या मारत असेल तर पूर्ण संच बदलावा. तांब्याच्या गाभ्याच्या जुन्या वायरीला जवळजवळ शून्य ओहम असतो आणि तिचा रेझिस्टन्स प्लगवरच्या टोपीत असतो, म्हणून टोपीही मोजावी. नव्या वायरी एकेक करून बदलाव्यात, म्हणजे क्रम चुकत नाही. ज्या दोन सिलिंडरांची ठिणगी लागोपाठ पडते त्यांच्या वायरी समांतर चिकटून नेऊ नयेत. एकीतून दुसरीत वीज उतरून चुकीच्या वेळी ठिणगी पडते. प्लगच्या रबरी टोपीत थोडे सिलिकॉन ग्रीस लावले की पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी न फाटता निघते.

सुटे भाग घेताना कॅप आणि रोटर एकाच बनावटीचे घ्यावेत. ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा कुर्ल्यात दुकानांच्या तळाशी पडून राहिलेला जुना, न वापरलेला माल कधी कधी मिळतो. रबर आणि कंडेन्सर वयाने खराब होतात, पण जुन्या जाड बेकलाइटची कॅप आजच्या हलक्या प्लास्टिकपेक्षा भरवशाची असते. मायकोच्या नावाच्या डब्या अजून दिसतात. ती कंपनी २००८ पासून बॉश या नावाने चालते, तेव्हा नव्या छपाईच्या डबीवर ते जुने नाव दिसले तर सावध व्हावे.

शेवटी प्लग

प्लग काढण्यापूर्वी भोवतालची धूळ सायकलच्या पंपाने उडवावी. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. चारही तपकिरी-राखाडी असतील तर मिश्रण ठीक आहे. चारही काळे, कोरड्या काजळीचे असतील तर कार्बोरेटर श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचे, मिश्रण देतो आहे किंवा ठिणगी सर्वत्र कमजोर आहे. एकटाच पेट्रोलने ओला असेल तर त्याच सिलिंडरची वायर, टोपी किंवा कॅपचे टोक पाहावे. एकटाच तेलकट काळा होत असेल आणि साफ केल्यावरही पुन्हा तसाच होत असेल, तर तो व्हॉल्व्ह सील किंवा रिंगांचा विषय आहे आणि इग्निशनवर आणखी पैसे घालून उपयोग नाही. तिथे कॉम्प्रेशन तपासावे.

नवे प्लग घेताना हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो याचा) क्रमांक जुळवावा, आणि त्यात एक फसगत आहे: एनजीकेच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, तर बॉशच्या क्रमांकात आकडा वाढला की गरम. त्यामुळे एका बनावटीचा सहा दुसऱ्या बनावटीच्या सहाला समतुल्य धरता येत नाही. तुलनेचा तक्ता पाहावा. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. पॉइंटच्या इग्निशनची ताकद मर्यादित असल्याने आजच्या गाड्यांसारखा एक मिलिमीटरचा गॅप येथे चालत नाही, ०.६ मिमीच्या जवळपास राहणे हिताचे आहे, आणि गाडी मुख्यतः सीएनजीवर चालत असेल तर तो वाढवण्याचा मोह तर मुळीच धरू नये. हेड अॅल्युमिनियमचे असल्याने प्लग थंड इंजिनात, आधी फक्त बोटांनी फिरवून बसवावा. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. वॉशर आधीच दबलेल्या जुन्या प्लगला घड्याळाच्या तासाच्या एका घराइतका फेरा पुरे. आटा गेला तर घरी करण्यासारखे काही उरत नाही.

टायमिंग आणि नंतरची फेरतपासणी

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलते, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटू नये. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण मॅन्युअलने सांगितलेल्या अंशावर ठेवावी. १२ व्होल्टच्या छोट्या दिव्याची एक वायर कॉइलच्या मायनस टर्मिनलला आणि दुसरी अर्थला लावावी, चावी चालू करावी, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून त्याचे अंग हळूहळू फिरवावे. पॉइंट मिटलेले असताना दिवा बंद असतो आणि ते उघडतात त्या क्षणी लागतो. नेमका तो क्षण पकडून क्लॅम्प आवळावा आणि चावी बंद करावी. अंग रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवले की टायमिंग पुढे जाते. चढावर पूर्ण थ्रॉटलला टकटक असा धातूचा आवाज आला तर टायमिंग थोडे मागे घ्यावे.

एका वेळी एकच भाग बदलून गाडी चालवून पाहावी. सगळे एकदम बदलले आणि मिसिंग गेली तर कोणत्या भागाने गेली ते कळत नाही, आणि नव्यातलाच एखादा भाग खराब निघाला तर शोध पहिल्यापासून सुरू होतो. जुने भाग चिठ्ठी लावून काही महिने ठेवावेत. चाचणीसाठी सपाट रस्ता निरुपयोगी आहे. गायमुखचा चढ, किंवा मुंब्रा बायपासवर पारसिकच्या बाजूची चढण, वरच्या गिअरमध्ये आणि गाडीत माणसे बसवून चढावी. सीएनजी असेल तर तीच चढण गॅसवर पुन्हा चढावी.

पॉइंटची नवी टाच सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत कॅमवर बसते आणि गॅप थोडा मिटतो. म्हणून सुमारे पाचशे किलोमीटरनंतर कॅप उघडून गॅप पुन्हा मोजावा, लागल्यास जुळवावा आणि टायमिंगही दिव्याने पुन्हा पाहावे. या वेळी गॅप ०.१ मिमीपेक्षा जास्त मिटलेला आढळला तर कॅमवरचे ग्रीस आणि कॅमच्या टोकांचा खडबडीतपणा तपासावा. पॉइंटचा पृष्ठभाग एवढ्यातच निळा पडलेला असेल तर पुन्हा पॉइंट विकत न घेता कॉइलचे ओहम आणि कंडेन्सर मोजण्यापासून सुरुवात करावी.